सोग्दियानस आणि इ.स.पू. ४२४ ची इराणी भाऊबंदकी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राचीन इराणच्या इतिहासात सायरस, दरायस, झर्क्सिस ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात. त्यांच्यानंतर एका वर्षाच्या आत तीन भाऊ एकामागून एक राजे झाले आणि त्यांतले दोघे मारले गेले, हे प्रकरण मात्र बहुतेक पुस्तकांत एका ओळीत उरकलं जातं. ती एक ओळ वाचून पुढचे प्रश्न मनात येतात. त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. काही छोटी आहेत, काही लांबली आहेत, कारण पुरावाच तसा कमी-जास्त आहे.

सोग्दियानस नेमका कोण?

हखामनी घराण्यातला, म्हणजे सायरस आणि पहिला दरायस यांच्या साम्राज्यातला, एक अल्पजीवी बादशहा. बाप पहिला आर्टाक्झर्क्सिस, आई अलोगुने नावाची बाबिलोनी स्त्री. बापाच्या मृत्यूनंतर गादीवर बसलेल्या सावत्र भावाला, दुसऱ्या झर्क्सिसला, त्याने मारलं आणि स्वतः राज्य घेतलं. साडेसहा महिन्यांनी दुसरा सावत्र भाऊ ओकस याने त्याला पकडून ठार केलं. हा ओकस म्हणजेच पुढचा दुसरा दरायस. हे सगळं इ.स.पू. ४२४-४२३ मध्ये घडलं. तेव्हा ग्रीसमध्ये अथेन्स आणि स्पार्टा यांचं पेलोपोनेशियन युद्ध चालू होतं.

काही ठिकाणी त्याचं नाव ‘सेकिंडियानस’ असं दिसतं. माणूस एकच, ग्रीक हस्तलिखितांतला पाठभेद आहे.

दुसरा झर्क्सिस कसा मारला गेला?

पहिला आर्टाक्झर्क्सिस इ.स.पू. ४६५ पासून सुमारे चाळीस वर्षं गादीवर होता. तो वारला त्याच दिवशी त्याची राणी डमास्पियाही वारली, असं ग्रीक लेखक क्टेसियस सांगतो. या राणीपासून झालेला एकच मुलगा होता, झर्क्सिस. बाकीच्या बायकांपासून झालेले मुलगे सतरा. झर्क्सिस गादीवर आला आणि पंचेचाळीस दिवसांत संपला.

एका सणाच्या दिवशी तो दारू पिऊन महालात झोपला होता. सोग्दियानसने फार्नाकयास नावाच्या खोजाला आधीच फितवलं होतं. या खोजाचं दरबारात मोठं वजन होतं, त्याच्या वर फक्त बगोराझस हा जुन्या राजाचा विश्वासू सेवक. मेनोस्टानेस नावाचा राजघराण्यातला सरदारही कटात सामील होता. हे लोक आत शिरले आणि झोपलेल्या राजाला त्यांनी मारलं.

यापुढचा तपशील विलक्षण आहे. आर्टाक्झर्क्सिसचं शव पर्सिस प्रांतात, म्हणजे आजच्या फार्समध्ये, घराण्याच्या दफनभूमीकडे न्यायचं होतं. शवाचा रथ ओढणारी खेचरं जागची हलेनात. मुलाचं शव येऊन पोचलं तशी ती भराभर चालू लागली. बाप आणि मुलगा एकाच वेळी शेवटच्या प्रवासाला निघाले. खेचरांची गोष्ट अर्थातच दंतकथा आहे, पण ती कोणी आणि का रचली असेल याचा विचार मला महत्त्वाचा वाटतो. खून झालेला राजा हाच बापाचा खरा वारस होता, मुक्या जनावरांनाही ते कळलं, असा तिचा रोख आहे. सोग्दियानसच्या राज्यात अशी गोष्ट उघडपणे सांगण्याची कोणाची हिंमत झाली नसती. ती त्याच्या पाडावानंतर पसरली असणार.

औरस मुलगा मारला गेला, म्हणजे सोग्दियानसचा हक्कच नव्हता का? वारसाचा नियम काय होता?

लिखित नियम नव्हता आणि संकटाचं मूळ तिथेच आहे. थोरल्या मुलालाच गादी, असा पक्का दंडक हखामनी घराण्यात कधीच नव्हता. राजा आपल्या हयातीत वारस नेमत असे. नेमलेला वारस टिकला तर ठीक, नाहीतर तलवार ठरवत असे.

पहिल्या दरायसचं उदाहरण घ्या. तो राजा होण्यापूर्वी जन्मलेला अर्टोबाझानेस हा त्याचा थोरला मुलगा. राजा झाल्यानंतर सायरसची मुलगी अटोसा हिच्यापोटी झालेला झर्क्सिस धाकटा. दरायसने धाकट्याला निवडलं. खुद्द झर्क्सिसने पर्सेपोलिसच्या एका शिलालेखात हे स्वच्छ लिहून ठेवलं आहे : दरायसला इतरही मुलगे होते, पण अहुरमज्दा या देवाची इच्छा अशी होती की बापाने मला आपल्यानंतरचा सर्वांत थोर केलं. एखाद्या राजाला हे दगडावर कोरून सांगावं लागतं, यातच सगळं आलं.

हाच झर्क्सिस इ.स.पू. ४६५ मध्ये राजवाड्यात मारला गेला. कटाचा सूत्रधार अर्टाबानस नावाचा दरबारी होता. त्याने खुनाचा आळ थोरला राजपुत्र दरायस याच्यावर ढकलला, आणि धाकट्या आर्टाक्झर्क्सिसने त्या भावाला मारून गादी घेतली. म्हणजे सोग्दियानसचा बापही भावाच्या रक्तातूनच राज्यावर आला होता. सोग्दियानसने केलं ते घराण्याला नवं नव्हतं.

राजाच्या इतर बायकांच्या मुलांना ग्रीक लेखक ‘नोथोस’ म्हणजे अनौरस म्हणतात. हे मुलगे क्षत्रप होत, म्हणजे प्रांतांचे अधिपती होत, फौजा चालवत, राजकन्यांशी लग्नं करत. औरस वारस जिवंत असेपर्यंत त्यांना गादीची आशा नसे. तो गेला की सतराही जण एका पातळीवर येत. झर्क्सिसला मारून सोग्दियानसने स्वतःसाठी वाट उघडली आणि तीच वाट इतर सोळा भावांसाठीही मोकळी केली.

मग सोग्दियानस टिकला का नाही? तो फार क्रूर होता का?

क्रूरतेत तो इतरांपेक्षा फार वेगळा दिसत नाही. त्याने चूक केली ती माणसं ओळखण्यात आणि वेळ साधण्यात.

गादीवर येताच त्याने मेनोस्टानेसला हजारपती केलं. हे राजरक्षकांच्या प्रमुखाचं पद, राजापर्यंत जाण्याची वाट याच्या हातातून जाई. इथवर ठीक होतं. मग बगोराझस परतला. जुन्या राजाचा हा विश्वासू माणूस शव पोचवून आला होता. सोग्दियानसच्या मनात त्याच्याविषयी जुना दंश होता. ‘माझ्या परवानगीशिवाय बापाचं शव सोडून आलास’ असा बहाणा करून त्याने बगोराझसला दगडांनी ठेचून मारवलं.

सैन्य इथेच हातातून गेलं. भावाचा खून एक वेळ घरातली भानगड म्हणून सोडून देता आला असता. पण मेलेल्या राजाची अखेरची सेवा बजावून आलेल्या म्हाताऱ्या सेवकाला असं मारणं शिपायांना सहन झालं नाही. सोग्दियानसने त्यांना बक्षिसं वाटली. त्यांनी ती घेतली, आणि द्वेष होता तसाच राहिला.

त्याची दुसरी चूक म्हणजे ओकसला दिलेली सवड. ओकस कास्पियन समुद्राच्या काठावरच्या हिर्केनिया प्रांताचा क्षत्रप होता. सोग्दियानसने त्याला बोलावणं धाडलं. ओकस ‘येतो’ म्हणाला आणि आला नाही. पुन्हा बोलावणं, पुन्हा तेच उत्तर. असं बऱ्याच वेळा झालं. या काळात ओकस फौज जमवत होता हे कळायला हेरांची गरज नव्हती. तरी राजा नुसते निरोप पाठवत राहिला.

ओकसने लढाई जिंकली का?

लढाई झालीच नाही, निदान क्टेसियसच्या हकिगतीत तरी नाही. माणसं बाजू बदलत गेली. पहिला फुटला अर्बारियस, सोग्दियानसच्याच घोडदळाचा सरदार. मग इजिप्तचा क्षत्रप अर्सामेस. मग आर्मेनियाहून अर्टोक्सारेस नावाचा खोजा आला. या तिघांनी मिळून ओकसच्या डोक्यावर राजमुकुट ठेवला. तो नको नको म्हणत असताना ठेवला, असं क्टेसियस म्हणतो. जमवलेली फौज पाहता हे ‘नको नको’ दरबारी रीतीचंच असणार, असं माझं मत आहे.

एकीकडे घोडदळ आणि दुसरीकडे इजिप्तसारखा श्रीमंत प्रांत गेल्यावर सोग्दियानसकडे फार काही उरलं नव्हतं. तरी ओकसने, आता त्याने दरायस हे नाव घेतलं होतं, चाल केली नाही. त्याने शपथा पाठवल्या. जीवाला धक्का लागणार नाही, समेट करू, असा कौल दिला. मेनोस्टानेसने सोग्दियानसला परोपरीने विनवलं, की फसवणाऱ्यांच्या शपथांवर विसंबू नका, त्यांच्याशी तह करू नका. सोग्दियानसने ऐकलं नाही. तो गेला, पकडला गेला आणि राखेत टाकून मारला गेला.

या सगळ्या प्रकरणात मला मेनोस्टानेसची अवस्था सर्वांत चटका लावणारी वाटते. तो खुनात सामील होता, त्याची बाजू घेण्याचं कारण नाही. पण दरबारात नेमकं काय होणार हे स्पष्ट दिसणारा तो एकटा होता आणि ज्याच्यासाठी त्याने सर्वस्व पणाला लावलं त्यानेच त्याचं ऐकलं नाही. पुढे मरणाच्या शिक्षेसाठी धरलं तेव्हा त्याने स्वतःच जीव दिला. खोजा फार्नाकयासला दगडांनी ठेचून मारलं.

‘राखेत टाकणं’ ही खरोखर शिक्षा होती की गोष्टीतला रंग?

शिक्षा म्हणून तिचे उल्लेख एकाहून अधिक ठिकाणी सापडतात. रोमन लेखक व्हॅलेरियस मॅक्सिमस तिचं वर्णन करतो : उंच भिंतींची एक बंद जागा राखेने भरायची, वर आडवी तुळई टाकायची, माणसाला भरपूर खायला-प्यायला घालून तुळईवर बसवायचं. झोप अनावर झाली की तो राखेत पडतो आणि गुदमरून मरतो. विष, शस्त्र, बळजबरी किंवा उपासमार यांनी मारणार नाही अशी शपथ राजाने घेतली होती, ती मोडू नये म्हणून ही युक्ती, असं त्याचं म्हणणं. व्हॅलेरियसने ही गोष्ट ‘पुढे दरायस झालेल्या ओकस’च्या नावावर घातली आहे, पण तिच्यातला कट पहिल्या दरायसच्या काळातला आहे. दोन दरायसांची गल्लत झाली आहे हे उघड दिसतं. बायबलशी जोडलेल्या मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथातही सिरियातल्या एका पन्नास हात उंच राखेच्या बुरुजाचा उल्लेख आहे.

तेव्हा शपथेचे शब्द पाळायचे आणि तिचा अर्थ मोडायचा, यासाठी ही शिक्षा वापरली जात असावी. शपथ घेऊन बोलावलेल्या सोग्दियानसला नेमकं असंच मरण आलं, ते या संदर्भात समजतं. दुसऱ्या दरायसच्या राजवटीत ही राख पुन्हा पुन्हा वापरली गेली, ते पुढे येईलच.

परिसाटिस कोण? सगळ्या गोष्टींमागे तीच होती असं म्हणतात, खरं का?

परिसाटिस ही पहिल्या आर्टाक्झर्क्सिसचीच मुलगी, आई आंदिया नावाची बाबिलोनी. म्हणजे ओकसची सावत्र बहीण आणि त्याची बायकोही. हे लग्न बापानेच लावून दिलं होतं. सावत्र भावंडांची लग्नं त्या राजघराण्यात होत असत. ओकसची आई कॉस्मार्टिडेने हीदेखील बाबिलोनी होती. बाबिलोनियातून ओकसला मिळालेल्या आधारामागे ही दुहेरी नाती असावीत, असा तर्क करायला जागा आहे.

क्टेसियसच्या म्हणण्याप्रमाणे सोग्दियानसला फसवून आणण्याचा सल्ला तिचा. ओकसचा सख्खा भाऊ अर्साइटीस पुढे बंड करून उठला तेव्हाही सल्ला तिचाच. त्याचा साथीदार अर्टिफियस आधी शपथांवर शरण आला. राजा त्याला लगेच मारणार होता. परिसाटिस म्हणाली, आत्ता मारू नका, हा जिवंत दिसला तर अर्साइटीसही विश्वासाने येईल. तसंच झालं. मग दोघेही राखेत गेले. सख्ख्या भावाला मारायला राजाचं मन घेत नव्हतं, तिने ते वळवलं.

पण तिला निव्वळ कपटी राणी ठरवणं सोपं आहे आणि अपुरं आहे. तिची स्वतःची मोठी मिळकत होती. ग्रीक सेनानी झेनोफन सिरियात आणि टायग्रिसच्या काठाने जाताना ‘ही गावं परिसाटिसची’ असं नोंदवतो. बाबिलोनियातल्या मातीच्या पाट्यांवर तिच्या जमिनी, तिचे कारभारी यांची नावं आहेत. जमीन, माणसं आणि पैसा हाताशी असलेली ती एक सत्ताधारी व्यक्ती होती. पुरुषांनी हेच डाव टाकले तर ग्रीक लेखक त्याला मुत्सद्देगिरी म्हणतात.

ही सगळी माहिती येते कुठून? तिच्यावर विश्वास ठेवायचा का?

मला या पानावर सर्वांत कळकळीने सांगायचं आहे ते इथेच.

सोग्दियानसची सविस्तर हकिगत जवळजवळ एकाच माणसाकडून येते. क्निडसचा क्टेसियस हा ग्रीक वैद्य. तो दुसऱ्या आर्टाक्झर्क्सिसच्या दरबारात होता. हा राजा म्हणजे ओकस आणि परिसाटिस यांचा मुलगा. क्टेसियसने इराणचा इतिहास लिहिला, तो मूळ ग्रंथ हरवला. नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलचा धर्मगुरू फोटियस याने त्याचा सारांश करून ठेवला, तो आपल्या हाती आहे. आणि या सारांशातच एक वाक्य असं आहे, की परिसाटिसच्या मुलाबाळांविषयीची माहिती क्टेसियसने स्वतः तिच्याच तोंडून ऐकली होती.

याचा अर्थ पाहा. सोग्दियानसला मारायला लावणाऱ्या राणीच्या दरबारात, तिच्या मुलाच्या पगारावर असलेल्या वैद्याने त्याची गोष्ट लिहिली. झोपलेल्या भावाचा खून, म्हाताऱ्या सेवकाला दगडांनी मारणं, न चालणारी खेचरं, द्वेष करणारं सैन्य, आणि नको म्हणत असताना मुकुट घालायला भाग पाडलेला ओकस, या प्रत्येक तपशिलाचा फायदा एकाच पक्षाला होतो. सोग्दियानसच्या बाजूने बोलणारा एकही माणूस आपल्यापर्यंत पोचलेला नाही.

पोचलेला नाही म्हणता म्हणता एक फट सापडते. ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनियस, मल्ल पॉलिडामसच्या पुतळ्याविषयी सांगताना, ओघात म्हणतो की दरायस हा आर्टाक्झर्क्सिसचा अनौरस मुलगा होता आणि त्याने इराणी सामान्यजनांच्या पाठिंब्याने सोग्दियस या औरस मुलाला हटवून राज्य घेतलं. औरस मुलगा सोग्दियस! क्टेसियसच्या अगदी उलट. पॉसेनियस पाच-सहा शतकांनंतरचा आहे, त्याची चूक झाली असणं शक्य आहे. तरीही या प्रकरणाची दुसरी एक आवृत्ती ग्रीक जगात फिरत होती एवढं यातून नक्की कळतं, आणि अनौरसपणाचा शिक्का विजेत्यानेच हरलेल्यावर मारला का, असं विचारता येतं. ग्रीकांनी खुद्द दुसऱ्या दरायसला ‘नोथोस’ हे टोपणनाव दिलं, ते त्याला कायमचं चिकटलं.

म्हणून क्टेसियस फेकून द्यावा का? नाही. त्याने दिलेली माणसं खरी होती. ते सिद्ध करणारा पुरावा पुढच्या उत्तरात.

निप्पूरच्या पाट्यांचा या प्रकरणाशी काय संबंध?

इराकमधल्या निप्पूर इथे १८९३ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या उत्खननात एका खोलीत शेकडो मातीच्या पाट्या मिळाल्या. त्या मुराशू नावाच्या घराण्याच्या व्यवहारांच्या. हे लोक जमिनी खंडाने घेत, कालव्याचं पाणी आणि बैल पुरवत, कर्ज देत. पाट्यांचा काळ साधारण इ.स.पू. ४५४ ते ४०४. म्हणजे आपलं प्रकरण बरोबर मध्ये येतं.

या व्यवहारांत क्टेसियसची माणसं एकामागून एक सापडतात. मेनोस्टानेस तिथे मनुश्तानु म्हणून आहे, राजघराण्यातला राजपुत्र, बापाचं नाव अर्तरेमे. क्टेसियसही त्याच्या बापाला अर्टारियस, बाबिलोनचा क्षत्रप, म्हणतो. इजिप्तचा अर्सामेस तिथे अर्शाम आहे, त्याच्या मालकीच्या गुराढोरांसह. याच अर्शामची आरामाईक भाषेतली चामड्यावरची पत्रं आज ऑक्सफर्डला आहेत. खोजा अर्टोक्सारेस तिथे अर्तहशर आहे, आणि मनुश्तानुकडे असलेली मिळकत नंतर या अर्तहशरच्या हाताखाली दिसते. हरलेल्याची इस्टेट जिंकणाऱ्या पक्षाच्या माणसाकडे गेली. कोणत्याही बखरकाराने हे सांगितलेलं नाही, एका सावकारी पेढीच्या हिशेबातून ते कळतं.

त्याहून बोलकी गोष्ट कर्जांची आहे. निप्पूरच्या आसपास शिपाईगिरीच्या बोलीवर दिलेल्या जमिनी होत्या, त्यांना ‘धनुष्याची जमीन’ म्हणत. जमीन कसायची आणि राजाने हाक दिली की हत्यारासह हजर व्हायचं किंवा त्याबद्दल कर भरायचा. दुसऱ्या दरायसच्या पहिल्याच वर्षी या जमिनी गहाण टाकून घेतलेल्या कर्जांचं प्रमाण एकदम वाढतं. याचा सरळ अर्थ असा लावला जातो की ओकसने बाबिलोनियात फौज उभी केली आणि सैनिक-शेतकऱ्यांना सरंजामासाठी कर्ज काढावं लागलं. राजवाड्यातल्या भावाभावांच्या वैराची किंमत निप्पूरच्या शेतकऱ्याने आपली जमीन गहाण टाकून मोजली. या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत भिडतं ते हे.

आणखी एक पाटी इ.स.पू. ४२३ च्या फेब्रुवारीतली आहे. मुराशू घराण्यातला प्रमुख बाबिलोन शहरात घर भाड्याने घेतो, राजा शहरातून बाहेर पडेपर्यंतच्या मुदतीने. नवा राजा तिथे आहे आणि व्यापारी कामं उरकून घ्यायला त्याच्या आसपास जमलेत, असं ते दृश्य आहे.

या पाट्यांत सोग्दियानसचं नाव आहे का?

नाही. दुसऱ्या झर्क्सिसचंही नाही. बाबिलोनी दस्तऐवजांवर राजाच्या वर्षाने तारीख घालत. तिथे पहिल्या आर्टाक्झर्क्सिसच्या एक्केचाळिसाव्या वर्षानंतर थेट दुसऱ्या दरायसचं आरोहण-वर्ष सुरू होतं. मध्ये कोणी नाही.

त्यावरून ‘हे दोघे झालेच नाहीत’ असं म्हणणं मात्र घाईचं होईल. पंचेचाळीस दिवस आणि साडेसहा महिने मिळून आठ महिने होतात. पाट्यांमध्ये तेवढी मोकळी जागा नाही. सर्वांत पटणारा खुलासा असा, की या राजवटी एकापुढे एक नव्हत्या, काही काळ एकाच वेळी चालू होत्या. सोग्दियानसला इराणच्या पठारावर मानत असतील, तर बाबिलोनियाने लवकरच ओकसला राजा मानलं. निप्पूरच्या लेखनिकाने आपल्या भागात ज्याचा अंमल त्याचं नाव लिहिलं. इजिप्शियन पुरोहित मानेथोच्या राजावलीत मात्र झर्क्सिसला दोन महिने आणि सोग्दियानसला सात महिने दिलेले आहेत. ग्रीक इतिहासकार डायोडोरसही सोग्दियानसचे सात महिनेच सांगतो. तेव्हा ग्रीक आणि इजिप्शियन परंपरेने त्यांना राजे म्हणून मोजलं होतं.

ग्रीकांना ही बातमी कशी कळली?

ग्रीक इतिहासकार थुसिडिडीजच्या ग्रंथात याचा एक छोटा पण फार मोलाचा प्रसंग आहे. स्ट्रायमन नदीवरच्या आयॉन इथे अथेन्सवाल्यांनी अर्टाफर्नेस नावाचा इराणी दूत पकडला. तो स्पार्टाला निघाला होता. त्याच्याकडच्या पत्रात राजाने स्पार्टाला म्हटलं होतं की तुमचे दूत येतात ते प्रत्येक जण वेगळंच सांगतो, तुम्हाला नेमकं हवं काय ते कळत नाही. अथेन्सने त्या दूताला आपल्या वकिलांसह इफिससला परत पाठवलं. तिथे कळलं की आर्टाक्झर्क्सिस नुकताच वारला. वकील तिथूनच माघारी फिरले. आता बोलायचं कोणाशी, हा प्रश्न त्यांनाही पडला असणार.

गादीवर बसल्यावर दुसरा दरायस तरी सुखाने राहिला का?

एकोणीस-वीस वर्षं राहिला, इ.स.पू. ४०४ पर्यंत. सुखाने नाही. सख्खा भाऊ अर्साइटीस उठला, त्याचं काय झालं ते वर आलंच. त्या मोहिमेत राजाचा सेनापती दोनदा हरला. तिसऱ्यांदा त्याने शत्रूच्या ग्रीक भाडोत्री शिपायांना पैसे चारले, तेव्हा जिंकला. सार्डिसचा क्षत्रप पिसुथनेस उठला, त्याच्याही ग्रीक शिपायांना पैशाने फोडलं, त्यालाही शपथेवर आणलं आणि त्यालाही राखेत टाकलं. सोग्दियानसवर वापरलेली रीत या राजवटीची कायमची पद्धत झाली.

वारसाचा प्रश्न पुढे सुटला का?

नाही, पुढच्याच पिढीत तो पुन्हा उभा राहिला. दरायस आणि परिसाटिस यांचा थोरला मुलगा बाप राजा होण्याआधी जन्मलेला. धाकटा सायरस नंतरचा आणि आईचा लाडका. ‘राजा असताना झालेला मुलगा तोच वारस’ हा झर्क्सिसच्या वेळचा युक्तिवाद परिसाटिसने पुन्हा मांडला. नवऱ्याने ऐकलं नाही, थोरला दुसरा आर्टाक्झर्क्सिस झाला. इ.स.पू. ४०१ मध्ये सायरस दहा हजारांवर ग्रीक भाडोत्री घेऊन चालून आला आणि बाबिलोनजवळ कुनाक्साला मारला गेला. त्या लढाईत जखमी झालेल्या राजावर उपचार केले ते क्टेसियसने.

नंतर बगोआस या खोजाने इ.स.पू. ३३८ मध्ये तिसऱ्या आर्टाक्झर्क्सिसला मारलं, त्याच्या मुलाला, अर्सेसला, गादीवर बसवलं आणि दोन वर्षांत त्यालाही मारलं. मग आणलेला तिसरा दरायस हा दुसऱ्या दरायसच्या ओस्टानेस या मुलाचा नातू. अलेक्झांडरसमोर हरला तो हाच. ४२३ नंतरचे सगळे हखामनी राजे ओकस आणि परिसाटिस यांच्याच वंशातले आहेत. त्यांच्यापैकी कोणालाही सोग्दियानसची बाजू सांगण्यात रस असण्याचं कारण नव्हतं.

सोग्दियानस आणि गौमाता एकच का?

नाही. गौमाता (किंवा बर्दिया) हा शंभर वर्षं आधीचा, इ.स.पू. ५२२ मधला इराणी राजा. पहिल्या दरायसने त्याला मारून राज्य घेतलं आणि बेहिस्तूनच्या कड्यावर आपली बाजू कोरली. साम्य एवढंच, की तिथेही आपल्याकडे विजेत्याचीच कथा आहे.

पारशी परंपरेत सोग्दियानसची आठवण आहे का?

नाही. इराणच्या महाकाव्यपरंपरेत, शाहनाम्यात, हखामनी राजांची रांगच नीट टिकलेली नाही. तिथे दाराब आणि दारा येतात, सोग्दियानस येत नाही. मुंबईच्या पारशी घरांत दाराब, सायरस ही नावं आजही ऐकू येतात.

या काळाचं प्रत्यक्ष काही पाहायला मिळतं का?

सोग्दियानसचं म्हणून ओळखता येईल असं नाणं, शिलालेख किंवा थडगं नाही. बापाचं बरंच आहे. पर्सेपोलिसचा शंभर खांबांचा दरबार पहिल्या आर्टाक्झर्क्सिसने पुरा केला. तिथून जवळच नक्श-ए-रुस्तमच्या कड्यात चार राजथडगी कोरलेली आहेत. शिलालेखामुळे खात्रीने ओळखू येतं ते फक्त पहिल्या दरायसचं. उरलेली तीन झर्क्सिस, पहिला आर्टाक्झर्क्सिस आणि दुसरा दरायस यांची मानली जातात. मुराशू पाट्या मुख्यतः फिलाडेल्फिया, इस्तंबूल आणि जर्मनीतलं येना इथे आहेत.